पैज वजनाची, पार्टी मटणाची

घोडपदेवच्या नाक्यावर वजन उतरवायची पैज लागते, तेव्हा 'किती किलो?' हा प्रश्न दुसरा असतो. पहिला प्रश्न, 'पार्टी कुठे?' सुरुवात ठरलेली. एकाने दुसऱ्याच्या पोटाकडे बघून काहीतरी बोलायचं. दुसऱ्याने "तुझं बघ आधी" म्हणायचं. कटिंगचे ग्लास खाली ठेवले जातात आणि ज्याला स्वतःला कमी करण्यासारखं काहीच नाही असा एखादा काडीपैलवान मध्ये पडून दोघांचे हात एकमेकांच्या हातात देतो. "लागली?" "लागली!" दिवाळीपर्यंत पाच किलो. हरेल त्याने सगळ्यांना मटण-वडे. सगळ्यांना म्हणजे पैजेत नसलेल्यांनाही. खरं तर मुख्यत्वे त्यांनाच.

आता हिशेब करा. एक जिंकणार, एक हरणार आणि जेवणार दोघेही. जिंकलेला तीन महिन्यांच्या उपासमारीचा सूड एका रात्रीत उगवणार, आणि हरलेला, पैसे आपलेच जाताहेत म्हटल्यावर, वाटीमागे वाटी वसूल करणार. दारू सोडायची पैज मारून हरणाऱ्याने क्वार्टर पाजायची, तसला हा कारभार. पण नाक्यावर हे कोणाला खटकत नाही. आपल्याकडे बारशाला जेवण, बढतीला जेवण, तेराव्यालाही गोडाचं जेवण. मग वजन उतरल्याच्या आनंदात जेवण नको म्हणणारा माणूस माणूसघाणा ठरतो.

पैज म्हटली की मराठी माणसाला खाण्याचीच सुचते, हेही आहे. लग्नाच्या पंगतीत कोणत्या मामांनी किती जिलब्या उठवल्या, कोणत्या काकांनी श्रीखंडाचं पातेलं कसं रिकामं केलं आणि वर मठ्ठा कसा मागितला, याच्या कथा घराघरांत आहेत. कोणी किती जिलब्या नाकारल्या याची एकही कथा कुठल्याच कुळात सांगितली जात नाही.

आणि गिरणगावात तर वजनाची काळजी कालपरवापर्यंत उलट्या दिशेची होती. पाळीवर जाणारा, खानावळीत जेवणारा, गाळ्यात पाळीपाळीने पाठ टेकणारा माणूस मे महिन्यात गावी जाऊन जरा भरून परतला, तर नाक्यावर त्याचं कौतुक व्हायचं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यानंतर गिरण्या थंडावल्या त्या थंडावल्याच. आज घोडपदेवात न्यू हिंद मिलच्या जागेवर म्हाडाने गिरणी कामगारांसाठी बांधलेल्या उंच इमारती उभ्या आहेत. आजोबा चाळीचे जिने उतरून गिरणीत जायचे आणि पाळी संपेपर्यंत साच्यांमधून चालायचे. नातू लिफ्टने उतरतो, बसून काम करतो, लिफ्टने चढतो, आणि रात्री मोबाइलवरून मागवलेलं जेवणही त्याच लिफ्टने त्याच्या मागोमाग वर येतं. त्या दिवसभरात सगळ्यात जास्त घाम जेवण आणणाऱ्या पोराने गाळलेला असतो. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २४ टक्के आणि पुरुषांपैकी जवळपास २३ टक्के वजनदार भरतात. तेव्हा नाक्यावर चौघे उभे असतील तर पैजेला उमेदवार शोधायला लांब जावं लागत नाही.

पैज लागली की काटा लागतो. पूर्वी स्टेशनावर रंगीत दिव्यांचं यंत्र असायचं. नाणं टाकलं की धडधड करून पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला नट-नटी नाहीतर भविष्य. वजन कितीही असो, भविष्य उज्ज्वलच. त्या यंत्राने कोणाचा अपमान केल्याचं ऐकिवात नाही. आता घरोघरी काचेचे काटे आलेत, पण पैजेला घरचा काटा चालत नाही. तो घरच्यांच्या बाजूने बोलतो असा संशय. मग तोडगा निघतो भंगारवाल्याच्या काट्याचा. रे रोड स्टेशनापलीकडे दारुखान्यात लोखंडाचा बाजार, त्यामुळे या पट्ट्यात माणसाचं वजन घेणारा काटा एक वेळ मिळणार नाही, लोखंडाचा मिळेल.

हा सोहळा जवळून बघावा. जमिनीवर लोखंडी पत्रा, त्यावर तेलाचे डाग आणि तारेचे तुकडे. बाजूला खांबावर लाल आकड्यांचा डबा. पत्र्यावरची जुन्या पंख्यांची पाती बाजूला काढून उमेदवाराला उभं करतात. चप्पल काढायची की नाही यावर दहा मिनिटं. खिशातून किल्ल्या, पाकीट, दोन मोबाइल निघतात. आकडा थरथरत वर चढतो, एक्क्याण्णव पूर्णांक काहीतरीवर थांबतो, आणि तेवढ्यात कोणीतरी मागून हळूच पायाचा अंगठा पत्र्यावर टेकवतो. आकडा पंच्याण्णव. हशा. दुकानदार मान वर न करता लोखंडाचा भाव सांगतो. मग पहिल्यापासून पुन्हा.

पहिल्या वजनाला जमेल तितकं जड व्हायचं आणि शेवटच्या वजनाला हलकं, हे पैजेचं अर्धं शास्त्र. पहिल्या दिवशी उमेदवार मिसळ हाणून, वर दोन बाटल्या पाणी पिऊन, जाडी जीन्स आणि बक्कलचा पट्टा लावून येतो. शेवटच्या दिवशी हाच माणूस आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंब न घेता हाफ पँटीत हजर. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, याला संशोधन लागत नाही. पाचातले दोन-अडीच किलो असे केवळ नळावर उतरतात. हे तंत्र लालबाग-परळच्या पोरांना शिकवावं लागत नाही. किशोर आणि कुमार गटाच्या कबड्डीला वजनाची अट असते; वजनाच्या आदल्या दिवशी स्वेटर घालून मैदानाला फेऱ्या मारणारी, थुंकून थुंकून शे-दोनशे ग्रॅम पाडणारी पोरं इथे पिढ्यान्‌पिढ्या बघितलेली आहेत. काटा किती निर्दय असतो ते २०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला विनेश फोगाटच्या वेळी सगळ्या देशाने पाहिलं. ५० किलोच्या गटात १०० ग्रॅम जादा भरले आणि ऑलिंपिकची अंतिम कुस्ती हातची गेली. ती पैलवान होती, तिच्यामागे डॉक्टर होते. नाक्यावरच्या पन्नाशीतल्या, बीपीची गोळी घेणाऱ्या गृहस्थाने पाणी तोडून वजन पाडायचा उद्योग करू नये. त्यापेक्षा शिंप्याची टेप बरी. पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या आत आणि बाईची ८० च्या आत, हे आपल्याकडच्या अंगकाठीसाठी डॉक्टरांनी घातलेलं माप. टेपेला मिसळ कळत नाही आणि किल्ल्याही.

मुदत हा पैजेचा दुसरा विनोद. पैज हमखास गटारीच्या दुसऱ्या दिवशी लागते, कारण त्या दिवशी माणूस सगळ्यात पश्चात्तापी असतो. पुढे श्रावण, म्हणजे वाटतं की आपोआप उतरेल. मग सोमवारचा उपास येतो आणि त्याच्याबरोबर साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस आणि बटाट्याचे वेफर्स. एरवी माणूस दोन पोळ्यांवर उठला असता. श्रावण सरतो तोच गणपती. एकीकडे लालबागचा राजा, दुसरीकडे चिंचपोकळीचा चिंतामणी, मधल्या प्रत्येक गल्लीत मंडळ, प्रत्येक मंडळात सत्यनारायण आणि प्रत्येक सत्यनारायणाला शिरा. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं आणि एकदाच घ्यायचाही नसतो. पितृपक्षात खीर-वडे, पूर्वजांच्या नावाने आपण जेवतो, म्हणजे दोघांचं. नवरात्रात परत उपास, परत साबुदाणा. दिवाळीत लालबागच्या चिवडा गल्लीतून पिशव्या भरून येतात. म्हणून नाक्यावरच्या पैजेची मुदत एकमताने पुढे ढकलली जाते. नवीन तारीख एकतीस डिसेंबर, ज्या दिवशी आजवर कोणाचंही वजन कमी झालेलं नाही.

पु. ल. देशपांड्यांनी हा सगळा प्रकार 'बटाट्याची चाळ'मधल्या 'उपास'मध्ये कधीच मांडून ठेवला आहे. आता चाळीची जागा व्हॉट्सॲपने घेतली आणि सल्ल्यांना फोटो फुटले, एवढाच फरक. एक गट डॉ. दीक्षितांचा, दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपा म्हणणारा. दुसरा दर दोन तासांनी थोडं थोडं खा म्हणणारा. आमच्या ओळखीतले बरेच जण दोन्ही पाळतात. जेवण दोनदाच, ५५ मिनिटांत जेवढं बसेल तेवढं, आणि मध्ये दर दोन तासांनी थोडं थोडं.

चालण्याचं म्हणाल, तर राणीबाग जवळ आहे. पण राणीबाग बुधवारी बंद. आणि बुधवार हा या भागात मासळीचा वार. भाऊचा धक्का हाकेच्या अंतरावर, ताजे बोंबील घरात, बाग बंद. नियतीने याहून चोख नियोजन केलं नसतं. उरलेल्या दिवशी माणसं चालतात, नाही असं नाही. अर्धा तास चालून साधारण दीडशे कॅलरी जळतात, आणि येताना नाक्यावरचा एक वडापाव तीनशेच्या घरात जातो. एक किलो चरबीत ७,७०० कॅलरी असतात हा आकडा इथे मुद्दाम देत नाही म्हणत म्हणत दिला. ज्याला गुणाकार येतो त्याने करावा आणि गप्प बसावं.

पैशाची पैज मात्र खरोखर लागू पडते का? पडते, आणि हे सांगणारे लोक साधे नाहीत. अमेरिकेत एमआयटीत अर्थशास्त्र शिकणारे डीन कार्लन आणि जॉन रोमालिस हे दोन दोस्त. दोघांनी आपापसात ठरवलं की प्रत्येकाने ३८ पौंड, म्हणजे सव्वासतरा किलोच्या आसपास, उतरवायचे. जो हरेल त्याने आपल्या वर्षाच्या कमाईतला अर्धा हिस्सा दुसऱ्याला द्यायचा. अर्धा पगार! घोडपदेवात एवढी रक्कम लावली तर पैज लावणाऱ्याला आधी घरचे घराबाहेर काढतील. दोघांचंही वजन उतरलं. पुढे कार्लन प्राध्यापक झाले आणि २००८ साली येलच्या इयन एर्स यांच्यासारख्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी 'स्टिक' नावाची अशा संकल्पांची कंपनीच काढली.

त्याच साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या केव्हिन व्होल्प यांच्या गटाने हा प्रयोग रीतसर करून छापला. ५७ माणसं, १६ आठवडे, आठवड्याला एक पौंड उतरवायचं लक्ष्य. एका गटाने स्वतःचे पैसे अनामत ठेवायचे. लक्ष्य गाठलं तर भर घालून परत, चुकलं तर गेले. दुसऱ्याला लॉटरी. तिसऱ्याला काहीच नाही, फक्त महिन्याला वजन. अनामतवाल्यांचे सरासरी १४ पौंड उतरले, लॉटरीवाल्यांचे १३.१, आणि नुसत्या वजनवाल्यांचे ३.९. म्हणजे खिशाला चटका बसणार म्हटल्यावर जीभ ऐकते. हातात येणाऱ्या शंभर रुपयांपेक्षा हातचे जाणारे शंभर माणसाला जास्त लागतात. कानेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ साली हेच मांडलं, आपल्या आज्यांना ते आधीपासून ठाऊक होतं. पण याच प्रयोगाची पुढची ओळ कोणी सांगत नाही. सात महिन्यांनी पुन्हा वजन केलं तेव्हा तिन्ही गटांतला फरक ठामपणे सांगण्याइतका राहिलेला नव्हता. पैज संपली, पैसे घरी आले, बरंचसं वजनही घरी आलं. तिथे तर पार्टीचीही अट नव्हती!

आता समजा जिंकलेल्याने पैसे मागितले आणि हरलेल्याने हात वर केले. कोर्टात जाऊ नका. भारतीय करार कायदा, १८७२, कलम ३०: पैजेचा करार शून्य. जिंकलेली रक्कम वसूल करायला दावा लावता येत नाही, आणि जो काडीपैलवान मध्यस्थ म्हणून दोघांचे पैसे खिशात घालून उभा आहे, त्याच्याकडूनही 'मी जिंकलो' म्हणून कोर्टामार्फत मागता येत नाहीत. मुंबईचं तर याच्याही पुढे. मुंबई इलाख्याने १८६५ सालीच कायदा करून पैजेला हातभार लावणारे बाजूचे करारही निकालात काढले होते. पैज लावायला मित्राने उसने दिले असतील तर तो मित्रही गेला. त्यातून १९५९ साली घेरुलाल पारख खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की पैज शून्य असली तरी तेवढ्याने बेकायदा ठरत नाही. म्हणजे लावायला मुभा आणि बुडवायलाही मुभा. नाक्याला याहून सोयीचा कायदा स्वतः बसून लिहिता आला नसता.

कलम ३० मध्ये अपवाद एकच आहे, घोड्यांच्या शर्यतीचा. विजेत्याला ५०० रुपये किंवा जास्त किमतीचं बक्षीस देण्यासाठी वर्गणी काढली तर ती चालते. महालक्ष्मीचं रेसकोर्स घोडपदेवपासून फार लांब नाही. तिथे शर्यतीआधी जॉकी खोगिरासकट काट्यावर उभा राहतो, शर्यत झाल्यावर पुन्हा उभा राहतो, आणि वजन कमी भरलं तर जिंकलेली शर्यत हातची जाऊ शकते. मुंबईत माणसाचं वजन आणि लोकांची पैज ही दोन्ही एकाच आवारात सरकारी परवान्याने नांदतात ती ही जागा. आमच्या नाक्यावरचा गृहस्थ मात्र घोडा नसल्यामुळे कायद्याच्या नजरेत मोजलाच जात नाही.

याच कलमावरून एक मराठी मातीतला खटला मुंबई हायकोर्टात गेला होता, १९३१ च्या निवाड्यांत तो छापलेला आहे. दोन पैलवानांनी पुण्यात कुस्ती ठरवली. करार असा की जिंकेल त्याला तिकिटांच्या उत्पन्नातून ११२५ रुपये, आणि ठरल्या दिवशी जो आखाड्यात येणार नाही त्याने ५०० रुपये भरायचे. एक जण आलाच नाही. दुसऱ्याने ५०० रुपयांसाठी दावा लावला. न आलेल्याची बाजू अशी की ही तर पैज, पैज शून्य, मी कशाला देऊ? कोर्टाने ते मानलं नाही. बक्षीस पैलवानांच्या खिशातून जाणार नव्हतं, प्रेक्षकांच्या पैशातून येणार होतं. आणि ५०० रुपये हा शब्द देऊन न येण्याचा दंड होता. ही पैज नव्हे, हा करार.

मला हा निकाल वजन उतरवण्याच्या सगळ्या पुस्तकांपेक्षा शहाणा वाटतो. कुस्ती जिंकणं कोणाच्याच हातात पूर्णपणे नसतं. आखाड्यात येणं असतं. वजनाचंही तेच. काटा काय दाखवील ते पाणी, मीठ, झोप, वय, थायरॉईड, बीपी-शुगरच्या गोळ्या असे दहा जण मिळून ठरवतात. एकाच इमारतीतले दोघे तेवढंच चालले, तेवढंच जेवले, तरी एकाचे चार उतरतील आणि दुसऱ्याचा दीडच. त्या दीडवाल्याला पार्टी द्यायला लावून वर त्याची टिंगल करायची, की तो पुढल्या वर्षी चालायलाही येत नाही. शिवाय आता पैजेत वजन उतरवणारी सुईही शिरली आहे. २०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो भारतात आलं, त्याच वर्षी वेगोवी आलं. ज्यांना गरज आहे त्यांनी डॉक्टरला विचारून जरूर घ्यावं, पण पाच किलोंची पैज जिंकायला कोणी हजारो रुपयांची सुई टोचून घेणार असेल, तर हरून मटण-वडे घालणं त्याला स्वस्त पडेल.

तेव्हा दंड लावायचाच तर गैरहजेरीवर लावा. हे शिकायला पेनसिल्व्हेनियाला जायला नको, वरच्या मजल्यावर जायला हवं. तिथे बायकांचा बचत गट आहे. बैठकीला आली नाही की दंड, उशिरा आली की दंड, रक्कम वहीत, खाली सही. "घरी पाहुणे होते" चालत नाही, कारण पाहुणे सगळ्यांच्याच घरी असतात. कोणी कोणाचं पोट बघत नाही, कोणी कोणाला हिणवत नाही, आणि गट वर्षानुवर्षं चालतो. नाक्यावरचे पुरुष या वहीला हसतात, आणि अडीअडचणीला पैसे त्याच वहीतून उसने घेतात. पहाटे सहाला खाली उतरला की नाही, एवढीच नोंद करा. किलोचा उल्लेखही नको. बुधवारी राणीबाग बंद असेल तर इमारतीचे जिने उघडे असतात; लिफ्ट बिघडते तेव्हा आपण ते चढतोच, फक्त शिव्या देत चढतो.

राहिला दंडाच्या पैशांचा प्रश्न. ते मटणात जाता कामा नयेत हे उघड आहे, पण गरिबांच्या मदतीलाही नकोत, कारण मग चुकवणाऱ्याला पुण्य लागतं आणि तो निवांत झोपतो. कार्लन-एर्स मंडळींच्या 'स्टिक'मध्ये यावर एक जालीम सोय आहे: संकल्प मोडला तर तुमचे पैसे तुम्हाला मनापासून नावडणाऱ्या संस्थेला जातील, असं आधीच लिहून देता येतं. ही सोय गिरणगावासाठीच निघाली असावी असं वाटण्याइतकी ती इथे बसते. आपल्याकडे नावडती संस्था शोधावी लागत नाही, ती पुढच्या गल्लीत असते आणि तिचा गणपती आपल्यापेक्षा दोन फूट उंच असतो.

तर घोडपदेवकरांनो, पुढची पैज लावाल तेव्हा एवढं करा. दंडाची रक्कम आधी भरून ठेवा, भिशी सांभाळणाऱ्या एखाद्या वहिनींच्या हातात, काडीपैलवानाकडे नको. आठवड्यात दोनदा दांडी मारली की ती रक्कम देणगी म्हणून शेजारच्या मंडळाला जाईल, हे सगळ्यांसमोर कबूल करा. आणि पावती स्वतःच्या नावाने फाडा, पूर्ण नाव, इमारत, खोली क्रमांकासकट. ती मंडळी देणगीदारांचा फलक मोठ्या अक्षरात लावतात.